आमच्या खाऱ्या पाण्यातील एकपेशीय सृष्टी



गोव्यात वाढलेल्या माणसाला समुद्राची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. भरती केव्हा लागेल, सुकती केव्हा, उधाण कोणत्या तिथीला येईल, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पंचांग न उघडताही सांगतात. बांगडा, तारली, कालवे, तिसऱ्या ही नावे तर आपण बोलू लागतो तेव्हापासूनची. परंतु ही सारी मंडळी ज्यांच्यावर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रीतीने पोसली जातात, त्या सूक्ष्म जीवांविषयीचे आपले ज्ञान पाठ्यपुस्तकातील अमीबा आणि पॅरामेशियम या दोन आकृत्यांपाशी येऊन थांबते. आणि गंमत अशी की, आपण ज्यांच्या आकृत्या काढतो ते हे दोन्ही जीव डबक्यातले व तळ्यातले, म्हणजे गोड्या पाण्यातले. समुद्राच्या काठी बसून आम्ही तळ्याचा धडा शिकवितो, ही गोष्ट मला अनेक वर्षे बोचत आली आहे. ती उणीव अल्पांशाने तरी भरून निघावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात नववीच्या वर्गातील काही मुलांना बरोबर घेऊन मी पाच ठिकाणचे नमुने गोळा केले. पहिली बाटली मिरामारच्या किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून भरली. बारीक विणीच्या कापडातून पुष्कळसे पाणी जाऊ दिले आणि कापडावर जे उरले ते घेतले. दुसऱ्या बाटलीत त्याच किनाऱ्यावरची ओली वाळू होती. तिसरीत रायबंदर येथे ओहोटीच्या वेळी उघडा पडलेला मांडवीकाठचा चिखल, त्याचा केवळ वरचा पापुद्रा. चौथी आम्ही रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाऊन तेथील कांदळवनातल्या एका वहाळात भरली व तीतील पाणीही कापडातून गाळून घेतले. पाचवी बाटली, ज्याचे आजोळ पेडणे तालुक्यातील आगरवाड्याला आहे अशा एका विद्यार्थ्याने तेथील मिठागरातून आणून दिली.

बाटल्यांवरील चिठ्ठ्या मी स्वतः फाउंटनपेनच्या शाईने लिहिल्या होत्या. परतताना फेरीबोटीत टोपली कलंडली, चिठ्ठ्या भिजल्या आणि शाळेत येऊन पाहतो तो साऱ्या चिठ्ठ्यांवर निळा डाग तेवढा उरलेला! वाळू ती वाळू आणि चिखल तो चिखल. मिठागराचे पाणीही किंचित तांबूस असल्याने ओळखू आले. खरी पंचाईत झाली ती मिरामार आणि चोडण येथील दोन बाटल्यांची. दोन्हींतील पाणी सारखेच गढूळ, सारखेच खारट वासाचे. “सर, ही ओतून देऊ या, उद्या दुसरी आणू,” असे एकाने सुचविले. मी म्हटले, “ओतण्यापूर्वी एकदा पाण्यालाच विचारून पाहू.” या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कसे मिळाले, ते सांगितले म्हणजे या लेखाचा निम्मा विषय सांगून होईल.

तत्पूर्वी एकपेशीय जीव म्हणजे काय, याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्या शरीरात अब्जावधी पेशी असून त्यांनी कामे वाटून घेतली आहेत. स्नायूची पेशी पचन करीत नाही आणि जठराची पेशी विचार करीत नाही. एकपेशीय जीवाला ही सोय नाही. खाणे, हालणे, उजेड ओळखणे, शत्रूपासून बचाव करणे आणि वंश वाढविणे ही सर्व कामे एकाच पेशीला करावी लागतात. म्हणून तिला ‘साधी’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. आपल्या शरीरातील कोणतीही एक पेशी सुटी काढून समुद्रात सोडली, तर ती क्षणभरही तग धरणार नाही. पूर्वीच्या पुस्तकांत या जीवांची वनस्पती आणि प्राणी अशी वाटणी केलेली आढळते. ती आता टिकत नाही, कारण यांतील पुष्कळ जीव हरितद्रव्याच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि संधी मिळताच दुसऱ्याला गिळतातही.

या सृष्टीचे पहिले दर्शन हॉलंडातील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नामक एका कापडाच्या व्यापाऱ्याला घडले. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून त्याने जे पाहिले, ते १६७६ साली एका दीर्घ पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. त्या पत्रात पावसाच्या, विहिरीच्या आणि समुद्राच्या पाण्याबरोबरच मिरी भिजत घातलेल्या पाण्याचाही उल्लेख आहे. मिरी तिखट का लागते, हे त्याला शोधावयाचे होते. त्याऐवजी त्याला त्या पाण्यात पोहणारे जीव दिसले. ज्या मिऱ्यांसाठी युरोपातील गलबते आमच्या किनाऱ्यावर येऊन थडकली, त्या मिऱ्यांनी एका शास्त्राच्या जन्मालाही थोडा हातभार लावावा, हा योगायोग मला मौजेचा वाटतो.

आता आमच्या दोन बाटल्यांकडे वळू. शाळेचे सूक्ष्मदर्शक यंत्र जुने असले तरी त्याचे भिंग चांगले आहे. पहिल्या बाटलीतील थेंब काचपट्टीवर घेताच दिसल्या त्या लांबच लांब साखळ्या. साखळीतील प्रत्येक मणी म्हणजे एकेक पेशी आणि प्रत्येक पेशीच्या कोपऱ्यांतून निघालेले केसासारखे लांब काटे. हा किटोसेरॉस नावाचा डायटम. त्याच्या शेजारी चाळणीच्या तबकडीसारखा वाटोळा कॉसिनोडिस्कस होता, तीन शिंगांचे सिरॅटियम होते आणि फुलदाणीच्या आकाराच्या घरात बसून वर काढलेल्या केसांनी पाणी ढवळणारे टिन्टिनिडही होते. दुसऱ्या बाटलीत यांतले जवळजवळ कोणीच नव्हते. तेथे होड्यांसारख्या निमुळत्या पेशी सावकाश सरकत होत्या, कुजक्या पानाच्या कणांभोवती नाना प्रकारचे केसाळ जीव धावाधाव करीत होते आणि जीवाणूंचे थवे टिपून खात होते.

मुलांना मी एवढेच विचारले, “काटे कोणाला हवेत?” थोड्या विचारानंतर एका मुलीने बरोबर उत्तर दिले. ज्याला तरंगावयाचे आहे त्याला! डायटमचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीच्या द्रव्याचे असल्यामुळे पाण्याहून जड असते. खुल्या समुद्रात तो खाली गेला की उजेडाला मुकला आणि उजेडाला मुकला की उपाशी राहिला. काटे, साखळ्या, पातळ तबकड्या ही सारी बुडणे लांबविण्याची साधने होत. उलट, उथळ वहाळात तळ हाताशी असतो. तेथे तरंगण्यापेक्षा सरकता येणे महत्त्वाचे. होडीसारख्या डायटमच्या कवचाला लांबीच्या दिशेने एक बारीक चीर असते. तिच्यातून चिकट द्रव्य स्रवते व त्याच्या आधारे पेशी घसरत पुढे जाते. अर्थात पहिली बाटली मिरामारची आणि दुसरी चोडणची. चिठ्ठ्या पुसल्या गेल्या तरी पत्ता पुसला गेला नव्हता. तो पाण्यातील रहिवाशांच्या अंगावर लिहिलेला होता.

डायटम या जीवास मराठीत ‘करंडक वनस्पती’ असे सुरेख नाव आहे. त्याचे कवच खरोखरच कुंकवाच्या करंड्याप्रमाणे दोन भागांचे असून वरचा भाग खालच्यावर झाकणासारखा बसतो. पेशीचे विभाजन झाले म्हणजे दोन्ही कन्यांना एकेक भाग मिळतो आणि प्रत्येक जण आपल्या भागाला झाकण समजून आतला नवा भाग तयार करते. साहजिकच जिला खालचा भाग मिळाला ती आईपेक्षा किंचित लहान होते. असे पिढ्यान् पिढ्या चालले की काही घराणी फारच लहान होऊन जातात. मग ती कवच टाकून देतात, फुगतात आणि पूर्ण आकाराचा नवा करंडा घडवितात. पृथ्वीवर एकूण जेवढे प्रकाशसंश्लेषण चालते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा हे करंडेच करतात. त्यांच्या रिकाम्या कवचांचे थर तळाशी साचून जी भुसभुशीत माती बनते, तिच्यातच नायट्रोग्लिसरीन जिरवून आल्फ्रेड नोबेल याने १८६७ साली डायनामाइट तयार केले.

मिरामारच्या बाटलीत आणखी एक पाहुणा होता, आणि तो दिसण्यास यंत्राचीही गरज नव्हती. टाचणीच्या डोक्याएवढे, साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे बाटलीच्या वरच्या भागात तरंगत होते. याचे नाव नॉक्टिल्यूका, म्हणजे रात्रीचा दिवा. एका पेशीचा जीव असूनही तो दोन मिलिमीटरांपर्यंत वाढू शकतो. रात्री लाट फुटली किंवा वल्हे मारले म्हणजे समुद्रात जी निळसर झळाळी दिसते, ती पुष्कळदा याचीच. पेशीला धक्का लागला की तिच्यातील एका द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन प्रकाश पडतो. उष्णता मात्र जाणवत नाही. आमच्या किनाऱ्यालगत आढळणारा नॉक्टिल्यूका रंगहीन किंवा तांबूस असतो व डायटम गिळून जगतो. अरबी समुद्राच्या उत्तर भागात, खोल पाण्यावर, याचाच एक हिरवा प्रकार आहे. त्याच्या पोटात हजारो हिरव्या पेशी जिवंत पोहत असतात आणि आपण तयार केलेले अन्न यजमानाला देतात. एका पेशीच्या पोटात दुसऱ्या पेशींचा मळा! गेल्या पंचवीस वर्षांत हिवाळ्याच्या दिवसांत हा हिरवा नॉक्टिल्यूका तेथे प्रचंड प्रमाणावर माजू लागला असून त्याने डायटमांची जागा घेतल्याचे संशोधकांना आढळले आहे. त्याला खाणारे मासे थोडे. त्यामुळे ही घटना केवळ नेत्रसुखद नाही.

वाळूच्या बाटलीने आरंभी आमची निराशा केली. थेंबामागून थेंब पाहिले, परंतु वाळूचे कण आणि शिंपल्यांचा चुरा यांखेरीज काही दिसेना. मग एका जर्मन शास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेली युक्ती केली. समुद्राच्याच पाण्याचा बर्फ एका विद्यार्थिनीने घरून करून आणला. तळाला जाळीदार कापड बांधलेल्या नळीत वाळू भरली, तिच्यावर तो बर्फ ठेवला आणि नळीचे खालचे टोक बशीतील समुद्राच्या पाण्याला टेकविले. बर्फ वितळून थंड व अधिक खारट पाणी वरून उतरू लागताच वाळूच्या फटींतील जीव त्याच्यापुढे पळत पळत बशीत उतरले. ते पाहून वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गातही ऐकू गेला. हे जीव फितीसारखे लांब, चपटे आणि लवचिक होते. दोन वाळूकणांमधील फट म्हणजे त्यांची गल्ली; तीतून वाटोळ्या शरीराने जाता येत नाही. शिवाय प्रत्येक लाटेबरोबर वाळू हलते. म्हणून धक्का लागताच कणाला चिकटून बसण्याची कलाही त्यांना साधलेली असते.

त्याच वाळूत साध्या भिंगाने पाहिले असता इवल्या शंखासारखी कवचे सापडतात. ती गोगलगाईची पिले नव्हेत. ती फोरॅमिनीफेरा या एकपेशीय जीवांची घरे होत. कवचाच्या भोकांतून हा जीव जाळ्यासारखे धागे बाहेर पसरतो व भक्ष्य ओढून घेतो. मोठा होऊ लागला म्हणजे जुने घर न मोडता तो त्याला एकेक नवी खोली जोडतो. आमच्या खाड्यांत अमोनिया नावाचा एक सर्पिलाकार प्रकार विपुल आहे. खुल्या पाण्यात ही घरे चुनखडीची असतात. परंतु कांदळवनाच्या आंबट चिखलात चुना विरघळतो, म्हणून तेथील पुष्कळसे प्रकार वाळूचे बारीक कण गोळा करून, चिकटवून घर बांधतात. गवंड्याने गावातील दगड पाहून भिंत बांधावी, तसेच हे. जीव मेल्यावरही कवच टिकते आणि तेथे पूर्वी कसले पाणी होते, याची साक्ष देते. सिंधुसंस्कृतीच्या काळातील लोथल येथील विटांचा प्रचंड हौद गोदी होता की गोड्या पाण्याचा तलाव, असा वाद होता. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधक राजीव निगम यांनी त्यातील गाळात समुद्री फोरॅमिनीफेरांची कवचे असल्याचे १९८८ साली दाखवून दिले. ज्या हौदात समुद्राचे पाणी येत होते, त्याला गोड्या पाण्याचा तलाव म्हणणे अर्थातच कठीण झाले.

मांडवीकाठचा चिखल मला स्वतःला या पाचांत सर्वांत प्रिय आहे. वाटसरूला तो घाणेरडा वाटतो. परंतु ओहोटीच्या वेळी उन्हात त्याच्यावर सोनेरी तपकिरी झाक चढलेली तुम्ही पाहिली असेल. ती झाक म्हणजे लक्षावधी डायटम होत. पाणी ओसरले की ते चिखलातून वर येतात, ऊन खातात आणि भरती येण्यापूर्वी पुन्हा खाली जातात, कारण वर राहिले तर प्रवाह त्यांना वाहून नेईल. आम्ही चिखल एका पसरट ताटलीत ठेवून खिडकीशी मांडला आणि त्याच्यावर पातळ टिश्यू कागद अंथरला. तासाभराने कागद उचलून पाहिला तो त्याला नॅव्हिक्युला, निट्शिया आणि इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला प्लुरोसिग्मा चिकटले होते. नॅव्हिक्युला या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी छोटी होडी असा आहे. याहून नवल असे की, प्रयोगशाळेत भरती-ओहोटी नसतानाही काही जातींचे डायटम कित्येक दिवस आपल्या किनाऱ्याचे वेळापत्रक पाळतात, असे अन्य देशांतील प्रयोगांत आढळून आले आहे. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि तरीही घड्याळ आहे!

चोडणच्या वहाळातील केसाळ जीवांचा उल्लेख वर आलाच आहे. त्या कांदळवनात आणखी एक महत्त्वाचा रहिवासी असतो. परंतु तो आमच्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचा निघाला. थ्रॉस्टोकिट्रिड हे त्याचे नाव. पूर्वी त्याला बुरशी समजत असत. पाण्यात गळून पडलेल्या तिवराच्या पानांवर तो वाढतो आणि ती कुजविण्यास मदत करतो. त्याला पाण्यातून वेगळा काढण्यासाठी शास्त्रज्ञ पाण्यावर पाइन वृक्षाचे परागकण शिंपडतात. या आमिषावर तो येऊन बसतो. दोना पावला येथील संस्थेत यावर पुष्कळ काम झाले आहे. माशांच्या तेलातील जी मेदाम्ले डॉक्टर हितकर म्हणून सांगतात, त्यांपैकी काही हा जीव स्वतः तयार करतो. पान थेट खाणारे प्राणी थोडे. परंतु कुजलेले, सूक्ष्म जीवांनी माखलेले पान खेकडे आणि कोळंबीची पिले आवडीने खातात. कांदळवन तोडले म्हणजे केवळ झाडे गेली असे नाही, हा पंगतीचा स्वयंपाकच बंद पडला.

आता पाचवी बाटली. समुद्राच्या पाण्यात हजार भागांस सुमारे ३५ भाग क्षार असतात. मिठागरात हे पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत आटवत नेतात आणि ते मूळच्या सुमारे एक-दशांश झाले म्हणजे मीठ धरू लागते. इतक्या खारट पाण्यात गोड्या पाण्यातील जीव सोडला तर त्याच्यातील पाणी बाहेर ओढले जाऊन तो वाळलेल्या मनुकेसारखा होईल. परंतु ड्यूनालिएला नावाची दोन कशाभिकांची एक हिरवी पेशी तेथे सुखाने राहते. बाहेरची लवणता वाढली की ती आपल्या आत ग्लिसरॉल तयार करून तोल सांभाळते. पाऊस पडून पाणी पातळ झाले की ते कमी करते. कडक उन्हापासून बचाव म्हणून ती बीटा-कॅरोटीन हे गाजरातील रंगद्रव्य साठविते व नारिंगी होते. फ्रान्समधील मिठागरांच्या तांबडेपणाचे कारण असे सूक्ष्म जीव आहेत, हे ड्यूनाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३८ साली सांगितले. म्हणून १९०५ साली या पेशीला त्याचे नाव देण्यात आले. तिच्या सोबतीला तांबूस आर्किया असतात. ते जीवाणूंसारखे, केंद्रक नसलेले, निराळ्या कुळाचे जीव. त्यांतील एक प्रकार चक्क पत्त्यासारखा चौकोनी व चपटा आहे. तो वॉल्सबी याने १९८० साली सिनाईच्या एका खारट डबक्यात प्रथम पाहिला. आमच्या बाटलीत चौकोनी काही दिसले की मुले आनंदाने ओरडत, पण ते बहुधा मिठाचे स्फटिक निघत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिठागराच्या बाटलीत जातींची संख्या अगदी थोडी, पण एकेका जातीची गर्दी मोठी होती. मिरामारच्या बाटलीत जाती पुष्कळ, परंतु प्रत्येकीचे नग मोजके. परिस्थिती जितकी कठोर, तितके तेथे टिकणारे थोडे. आणि जे टिकले त्यांना प्रतिस्पर्धी नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा रायबंदरला गेलो. मुलांना वाटले होते, तेच पाहावयास मिळेल. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मार्चमध्ये जवळजवळ समुद्राइतकी खारट असलेली मांडवी ऑगस्टमध्ये त्याच धक्क्यापाशी वरच्या थरात जवळजवळ गोडी होती आणि रंगाने तांबड्या मातीची. थेंबात तळ्यातल्यासारख्या हिरव्या पेशी होत्या. मार्चमधील ओळखीचे चेहरे शोधूनही सापडले नाहीत. खाडीच्या मुखाशी या दिवसांत स्केलेटोनेमा नावाचा साखळीदार डायटम प्रबळ होतो. त्याला कमी खारट पाणी मानवते आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली, ऊन पडले की नद्यांनी आणलेल्या खतावर तो भराभर वाढतो. म्हणजे ‘रायबंदरचे जीव’ असे सांगून भागत नाही. कोणत्या महिन्याचे, हेही सांगावे लागते. शेताला खरीप आणि रब्बी असते, तसे खाडीलाही आहे.

हे सारे जाणून घेऊन पोटाला काय, असे विचारणारे घरोघर असतात. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देतो. पावसाळ्यात आमच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल पाणी वर येते व आपल्याबरोबर तळाची पोषकद्रव्ये आणते. त्यावर डायटमांची वाढ होते आणि डायटमांवर तारलीचे थवे येतात. मलबार किनाऱ्यावरील तारली आणि तेथील प्लवक यांचा अभ्यास हॉर्नेल आणि नायुडू यांनी १९२३ साली प्रसिद्ध केला. पुढे १९५५ साली नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी फ्रॅजिलेरिया ओशिॲनिका हा डायटम विपुल दिसला म्हणजे तारलीही विपुल मिळते, असे दाखवून दिले. कोळ्याच्या जाळ्यात काय येणार, याची बातमी अगोदर एका पेशीला कळते!

दुसरे उदाहरण दुःखद आहे. डायनोफ्लॅजेलेट गटातील काही जाती विष तयार करतात. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवितात, त्यामुळे ते विष त्यांच्या मांसात साठते. शिंपल्याला काही होत नाही, खाणाऱ्याला होते. १९९७ साली केरळातील विळिंजम येथे असे शिनाणे खाऊन सात माणसे दगावली. शिजविल्याने हे विष नाहीसे होत नाही. आपल्याकडे शिनाणे आणि तिसऱ्या घरोघर खातात, म्हणून समुद्राचे पाणी तांबडे किंवा तपकिरी दिसू लागले असता त्या दिवसांत ते काढू नयेत, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. हे जीव प्रतिकूल काळात जाड कवचाच्या पुटी बनवून चिखलात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि जहाजांच्या तळटाकीत तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून एका बंदराहून दुसऱ्या बंदरी जातात. या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. मुरगावसारखे मोठे बंदर आपल्या उंबऱ्याशी असताना ही गोष्ट परकी मानता येणार नाही.

मिठागराची बाटली आणून देणाऱ्या विद्यार्थ्याला मी नंतर आणखी एक बाटली मागितली. तो म्हणाला, आजोबांच्या शेजारची दोन आगरे यंदा कोणी धरलीच नाहीत. बांध फुटला आहे आणि आत साधे खाडीचे पाणी खेळते आहे. मी त्यातलेच पाणी आणावयास सांगितले. त्यात नारिंगी पेशी एकही नव्हती. होड्या होत्या, दोन-चार केसाळ जीव होते. रायबंदरच्या चिखलात जे होते, तेच. मीठ काढणारा माणूस निघून गेला की त्याच्यामागे ही वस्तीही निघून जाते, हे मला त्या थेंबापर्यंत सुचले नव्हते. मिठागर, खाजणाचा बांध, पाण्याची ये-जा राखणारी मानस ही माणसाने घडविलेली स्थळे आहेत आणि त्यांतील सूक्ष्म रहिवासी त्या श्रमांवर अवलंबून आहेत. गोव्यातील किती मिठागरे पडीक झाली, हे तेथील वडीलधाऱ्या मंडळींना विचारले तर समजते. प्रत्येकात काय राहत होते, याची नोंद करणारे मात्र कोणी नव्हते.

येत्या जूनमध्ये पहिले दोन जोराचे पाऊस झाले की तिसऱ्या आठवड्यात पाचही ठिकाणी पुन्हा जावयाचे ठरले आहे. आगरवाड्याच्या चालू आगरातील आणि फुटलेल्या आगरातील अशा दोन निराळ्या बाटल्या या वेळी घ्यावयाच्या आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी रुंद तोंडाची स्वच्छ बाटली आणि जुन्या मलमलीचा तुकडा आणावा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी व ती बाटलीच्या आत टाकावी. शाईचा अनुभव आम्ही घेतला आहे.